कलमांचे आकडे नंतर, आधी तारखा

वाचकाचे पत्र:

“मी सोलापूर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या ठिकाणी 24 वर्षे वकिली करते. फौजदारी कामे आणि धनादेश न वटल्याच्या तक्रारी हाच माझा मुख्य व्यवसाय. नवे तीन फौजदारी कायदे (भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष अधिनियम) लागू होऊन बराच काळ लोटला, तरी युक्तिवाद करताना तोंडात जुनीच कलमे येतात आणि परवा भर न्यायालयात मला दुरुस्त करण्यात आले. ते मी सोसेन. पण माझ्या हातून एखाद्या पक्षकाराचा हक्क बुडाला तर, ही धास्ती जात नाही. व्हॉट्सॲपच्या प्रिंटना मी पूर्वीप्रमाणेच जुन्या पुरावा कायद्याचे 65-ब चे, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारे, प्रमाणपत्र जोडते. ते चालते का, यावर बार रूममध्ये तीन जणांनी तीन मते दिली. त्यातच, ज्याचे वकीलपत्र माझ्याकडे आहे अशा पक्षकाराच्या गुन्ह्यात ‘फाइल घेऊन ठाण्यात हजर राहा’ अशी नोटीस पोलिसांनी मलाच पाठवली आहे. ज्युनिअर हुशार आहे, पण निवाडे एआयला विचारून आणतो. सुरुवात कुठून करू?”

उत्तर:

वकीलताई, सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रातील नोटिशीचा प्रश्न आधी घेतो, कारण बाकीचे प्रश्न आठवडाभर थांबू शकतात, नोटिशीची तारीख थांबणार नाही. अशा वेळी वकील मंडळींकडून दोन चुका होतात: कोणी फाइल काखोटीला मारून सरळ ठाण्यात जातो, तर कोणी “वकिलाला असे बोलावता येत नाही” असे फोनवर सुनावून गप्प बसतो. या दोन्ही गोष्टी टाळा आणि लेखी उत्तर द्या, कारण पुढे उच्च न्यायालयात जावे लागले तर आपण काय कळवले होते हे कागदावर दाखवता आले पाहिजे.

तपास यंत्रणांनी वकिलांना समन्स पाठवण्याच्या प्रश्नाची सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि 31 ऑक्टोबर 2025 रोजी त्यावर निकाल दिला. आरोपीची बाजू मांडणाऱ्या वकिलाला प्रकरणाची माहिती काढण्यासाठी तपासी अधिकाऱ्याने समन्स पाठवू नये, हा त्यातील मूळ नियम आहे. अपवाद भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 132 मध्ये दिलेले तेवढेच: पक्षकाराची संमती असणे, बेकायदा हेतू साधण्यासाठी झालेला संवाद असणे, किंवा काम हाती घेतल्यानंतर गुन्हा अथवा लबाडी घडल्याचे वकिलाच्या नजरेस आलेले असणे. यांपैकी कोणता अपवाद लागू आहे आणि कोणत्या वस्तुस्थितीच्या आधारे, हे समन्समध्येच नमूद असले पाहिजे. शिवाय पोलीस अधीक्षकापेक्षा कमी दर्जा नसलेल्या वरिष्ठ अधिकाऱ्याची लेखी संमती हवी. आपल्या नोटिशीत या दोन गोष्टी आहेत का, एवढेच प्रथम पाहा. नसतील तर त्या निकालाचा हवाला देऊन, आपण अमुक आरोपीचे वकीलपत्र दाखल केले असल्याचे सांगून, नोटीस मागे घेण्याची विनंती करा आणि पोच घ्या. तरीही आग्रह राहिला तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 528 खाली आपल्याला किंवा पक्षकाराला दाद मागता येते. आपला जिल्हा 18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचच्या कक्षेत असल्याने त्यासाठी मुंबई गाठण्याचे कारण उरलेले नाही.

फाइलमधील कागदांची गोष्ट थोडी निराळी आहे आणि इथे अनेकांचा घोटाळा होतो. आपल्याशी झालेल्या संवादाला संरक्षण आहे. पण पक्षकाराने आपल्याकडे ठेवायला दिलेले मूळ खरेदीखत केवळ आपल्या कपाटात आले म्हणून गोपनीय होत नाही, असे त्याच निकालात म्हटले आहे. मात्र फौजदारी प्रकरणात असा दस्तऐवज मागवला गेला तर तो नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 94 च्या चौकटीत न्यायालयापुढे हजर करायचा आहे, ठाण्याच्या टेबलावर नाही. मोबाइल किंवा लॅपटॉप मागितला तर तोही संबंधित न्यायालयापुढेच द्यायचा. न्यायालयाने पक्षकाराला नोटीस काढायची आणि उपकरण उघडायचे ते पक्षकार व वकील यांच्या समक्ष, त्यांच्या पसंतीच्या तंत्रज्ञाची मदत घेऊ देऊन आणि इतर पक्षकारांची माहिती उघड होणार नाही अशा बेताने. एक गोष्ट मात्र आपणच तपासून घ्या. ज्या व्यवहाराबद्दल चौकशी चालू आहे त्याच्या दस्तावर आपण साक्षीदार म्हणून किंवा ओळख पटवणाऱ्या म्हणून सही केली असेल, तर तेवढ्यापुरत्या आपण साक्षीदार ठरू शकता. तसे असेल तर त्या पक्षकाराचे वकीलपत्र पुढे चालवावे का, याचा विचार पोलिसांच्या आधी आपण करावा हे बरे.

आता आपल्या खऱ्या धास्तीकडे वळू. फसवणुकीला नवे 318(4) म्हणण्याऐवजी जुने 420 म्हटल्याने कोणत्याही पक्षकाराचा हक्क बुडत नाही. न्यायाधीश दुरुस्त करतात, आपण “होय” म्हणतो, काम पुढे चालते. भिंतीवर लावायचे जुन्या-नव्या कलमांचे तक्ते सगळीकडे मिळतात आणि रोज दोन कामे चालवणाऱ्या माणसाला ते आकडे आपोआप पाठ होतात. काही ठिकाणी आकडे फसवे आहेत, तेवढे लक्षात ठेवा: जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील 482 म्हणजे उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार, नव्या नागरिक सुरक्षा संहितेतील 482 म्हणजे अटकपूर्व जामीन, न्याय संहितेतील 351 म्हणजे धमकी, तर नागरिक सुरक्षा संहितेतील 351 म्हणजे आरोपीचा जुना 313 चा जबाब. अर्जाच्या मथळ्यात कलमासोबत कायद्याचे नाव पूर्ण लिहिण्याची सवय लावली की हा गोंधळ मिटतो. नुकसान होते ते तारखांमुळे. जुन्या संहितेत आरोपीच्या वकिलाला बरेचसे हक्क सवडीने बजावता येत असत. नव्या संहितेने जागोजागी दिवस मोजायला लावले आहेत आणि ते मोजण्याची सवय आपल्या पिढीच्या वकिलांना नाही.

पहिली मोजणी कायदा कोणता हे ठरवण्याची. तिन्ही कायदे 1 जुलै 2024 रोजी अमलात आले. गुन्हा कोणत्या कायद्याखाली, हे घटनेच्या तारखेवर ठरते. राज्यघटनेच्या अनुच्छेद 20(1) मुळे ते दुसरे काही असू शकत नाही. कार्यपद्धती कोणती, हे त्या दिवशी काय प्रलंबित होते यावर ठरते: नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 531 प्रमाणे तपास, चौकशी, खटला, अर्ज किंवा अपील आधीच प्रलंबित असेल तर ते जुन्या संहितेने चालायचे. म्हणजे मार्च 2023 मध्ये झालेल्या फसवणुकीची फिर्याद सप्टेंबर 2024 मध्ये नोंदली गेली, तर आरोप भारतीय दंड संहितेच्या 420 चाच राहील, पण तपास, रिमांड (न्यायालयाने आरोपीला कोठडीत पाठवणे) आणि जामीन नव्या संहितेने होतील. तीच फिर्याद मे 2024 मध्ये नोंदली गेली असेल तर तपासही जुन्या संहितेचा. मात्र त्या गुन्ह्यात 1 जुलैनंतर नव्याने दिलेला अटकपूर्व जामिनाचा अर्ज नव्या संहितेच्या 482 खाली द्यायचा, असे मत अनेक उच्च न्यायालयांनी घेतले आहे. म्हणून माझा आग्रह असा की प्रत्येक फौजदारी फाइलच्या पहिल्या पानावर घटनेची, नोंदीची, अटकेची, पहिल्या रिमांडची, दोषारोपपत्राची आणि नकला मिळाल्याची तारीख ठळक लिहिलेली असावी. पक्षकाराचे नाव त्याखाली आले तरी चालेल.

त्यातील पहिल्या रिमांडची तारीख सर्वांत महत्त्वाची, कारण मुदतीत दोषारोपपत्र न आल्याने मिळणारा जामीन तिच्यावर अवलंबून आहे. गुन्ह्याच्या शिक्षेनुसार ठरणारे या मुदतीचे 60 किंवा 90 दिवस मोजताना रिमांडचा दिवस धरायचा की सोडायचा, हा वाद सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2023 मध्ये कपिल वाधवान प्रकरणात मिटवला: तो दिवस धरायचा. आरोपीला 1 मार्चला पहिल्यांदा कोठडी मिळाली असेल तर मार्चचे 31 आणि एप्रिलचे 29 मिळून 29 एप्रिलला 60 दिवस भरतात आणि 30 एप्रिलला सकाळी न्यायालय उघडताच अर्ज द्यायचा. “उद्या देऊ” म्हटले आणि त्याच संध्याकाळी दोषारोपपत्र दाखल झाले तर हक्क गेला; उलट आपला अर्ज आधी पडला असेल तर नंतर आलेल्या दोषारोपपत्राने तो हिरावला जात नाही. अर्जावर तारखेबरोबर वेळही टाकून घ्या आणि रोजनाम्यात तशी नोंद झाली आहे ना, हे त्याच दिवशी पाहा. जामीनदार आणि त्याची कागदपत्रे आधीपासून तयार ठेवा, कारण आदेश झाल्यावर हमी भरण्यात दिरंगाई करणे परवडत नाही. 60 की 90 हा प्रश्न उरतो. जुन्या कलम 167 मधील “दहा वर्षांहून कमी नसेल” या शब्दांचा अर्थ 2017 मध्ये राकेश कुमार पॉल प्रकरणात किमान शिक्षेच्या अंगाने लावला गेला. नव्या 187(3) मध्ये “दहा वर्षे किंवा त्याहून अधिक” अशी शब्दरचना आहे आणि सरकार पक्ष तिच्यावर बोट ठेवून 90 दिवस मागतो. ज्या गुन्ह्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे पण किमान शिक्षा तेवढी नाही, तिथे 61 व्या दिवशी अर्ज देऊन मोकळे व्हावे. नामंजूर झाला तर वरच्या न्यायालयात मुद्दा जिवंत राहतो. दिलाच नाही तर मुद्दाच उरत नाही.

पोलीस कोठडीचे गणितही बदलले आहे. एकूण 15 दिवसच, पण ते आता सलग पहिल्या पंधरवड्यात घेतले पाहिजेत असे नाही. मुदत 60 दिवसांची असेल तर पहिल्या 40 दिवसांत आणि 90 दिवसांची असेल तर पहिल्या 60 दिवसांत तुकड्या-तुकड्याने मागता येतात. यामुळे “अजून पोलीस कोठडी शिल्लक आहे, जामीन देऊ नका” असे म्हणणे सरकार पक्षाकडून हमखास येते. त्याला उत्तर नव्या संहितेच्या कलम 480 च्या परंतुकातच दिलेले आहे: पहिल्या 15 दिवसांपलीकडे पोलीस कोठडीसाठी आरोपी लागेल, एवढ्याच कारणावरून, तो अन्यथा पात्र असताना, जामीन नाकारता येत नाही. हे परंतुक तोंडी सांगू नका, अर्जात उतरवा. तालुका पातळीवर ते वाचले गेलेलेच नसते असा माझा अनुभव आहे.

रिमांडच्या वेळी आणखी एक गोष्ट पाहायची. अटकेची कारणे लेखी देण्याचा मुद्दा 2023 मधील पंकज बन्सल आणि 2024 मधील प्रबीर पुरकायस्थ या निकालांनी विशेष कायद्यांच्या संदर्भात पक्का झाला होता; 6 नोव्हेंबर 2025 रोजी मिहिर राजेश शाह विरुद्ध महाराष्ट्र राज्य या आपल्याच राज्यातील प्रकरणात तो सर्व गुन्ह्यांना लागू झाला. कारणे लेखी आणि आरोपीला समजणाऱ्या भाषेत द्यायची. अटकेच्या क्षणी ते शक्य नसेल तर तोंडी सांगून, नंतर वाजवी वेळेत आणि उशिरात उशिरा म्हणजे रिमांडसाठी हजर करण्याच्या किमान दोन तास आधी लेखी प्रत द्यायची. नाही तर अटक आणि त्यानंतरचे रिमांड बेकायदा ठरते. म्हणून रिमांडच्या दिवशी आरोपीला पहिला प्रश्न विचारा तो कागद मिळाला का आणि किती वाजता, हा. प्रतीवर आरोपीच्या सहीखाली वेळ लिहिलेली आहे का, गुन्ह्याची कलमे सोडून त्याच्याबद्दलची प्रत्यक्ष हकिकत त्यात आहे का, आणि मराठीच समजणाऱ्या माणसाला इंग्रजी कागद दिलेला नाही ना, हे स्वतः पाहा. हरकत रिमांडच्या कामकाजातच नोंदवा. पक्षकाराच्या नातेवाइकांना मात्र स्पष्ट सांगा की अटक बेकायदा ठरली म्हणजे गुन्हा संपला असे नव्हे. लेखी कारणे देऊन पोलीस पुन्हा कोठडी मागू शकतात. हा निकाल त्याच्या तारखेनंतरच्या अटकांना लागू होतो, हेही ध्यानात असू द्या.

पक्षकारांना व्हॉट्सॲपवर येणाऱ्या हजर राहण्याच्या नोटिशींबद्दल आपण विचारलेले नाही, पण तो प्रश्न येणारच. जुन्या 41-अ ची, म्हणजे नव्या 35(3) ची नोटीस व्हॉट्सॲपवर बजावता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये सतेंद्र कुमार अंतिल प्रकरणात बजावले आणि पुढे त्यात बदल करायलाही नकार दिला. न्यायालयाच्या समन्सचे तसे नाही. ते इलेक्ट्रॉनिक मार्गाने बजावण्याची तरतूद नव्या संहितेत आहे. या दोहोंची गल्लत करून न्यायालयाचे समन्स दुर्लक्षिले आणि वॉरंट निघाले, तर दोष वकिलावर येतो.

दोषारोपपत्रानंतरच्या मुदती थोडक्यात सांगतो. आरोपी हजर झाल्यापासून 14 दिवसांत नकला मिळाल्या पाहिजेत. दस्तऐवज मिळाल्यापासून 30 दिवसांत ते कबूल की नाकबूल हे सांगावे लागते, तेव्हा जुन्या सवयीने पंचनाम्यावर न वाचता “कबूल” लिहू नका. दोषमुक्तीचा अर्ज सत्र खटल्यात कमिटल झाल्यापासून, म्हणजे प्रकरण सत्र न्यायालयाकडे सोपवल्यापासून, 60 दिवसांत आणि वॉरंट खटल्यात नकला मिळाल्यापासून 60 दिवसांत द्यायचा आहे. ही मुदत बंधनकारक की केवळ मार्गदर्शक, यावर युक्तिवाद करायला वाव आहे, परंतु तो युक्तिवाद करण्याची वेळच येऊ न देणे उत्तम. उशीर झालाच असेल तर कारणे दाखवून विलंबमाफीचा अर्ज सोबत जोडावा. तुरुंगात असलेल्या आपल्या कच्च्या कैद्यांची यादीही एकदा काढा. कलम 479 प्रमाणे पूर्वी कोणत्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या व्यक्तीने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ कोठडीत काढला असेल तर तिच्या सुटकेचा विचार व्हायला हवा, आणि हे कलम 1 जुलै 2024 पूर्वीच्या प्रकरणांतील कैद्यांनाही लागू असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2024 मध्ये स्पष्ट केले आहे. फाशी किंवा जन्मठेपेचे गुन्हे यात येत नाहीत, आणि एकाहून अधिक प्रकरणे प्रलंबित असतील तर कलमाचा दरवाजा बंद होतो. ही अट पाहूनच पक्षकाराच्या घरच्यांना आशा दाखवा.

आपल्या दुसऱ्या पोटापाण्याच्या कामाकडे, धनादेशांकडे येतो. नव्या संहितेच्या कलम 223 मुळे खासगी तक्रारीची दखल घेण्यापूर्वीच आरोपीला म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते. सक्तवसुली संचालनालयाच्या तक्रारीलाही हे लागू असल्याचे मे 2025 मध्ये कुशल कुमार अगरवाल प्रकरणात ठरले, कारण ती तक्रार 1 जुलै 2024 नंतरची होती. यावरून कलम 138 च्या, म्हणजे धनादेश न वटल्याच्या, तक्रारींतही दखलपूर्व नोटिसा काढल्या जाऊ लागल्या होत्या. त्या पद्धतीला 25 सप्टेंबर 2025 च्या संजबीज तारी विरुद्ध किशोर बोरकर या निकालाने पूर्णविराम दिला: 138 च्या तक्रारीत दखल घेण्याआधी आरोपीला समन्स काढण्याची गरज नाही. गोव्याहून गेलेल्या या प्रकरणात तक्रारीसोबत ठरावीक नमुन्यातील सारांश जोडणे, समन्स तक्रारदारामार्फत आणि इलेक्ट्रॉनिक मार्गानेही बजावणे, असे व्यावहारिक निर्देशही आहेत. बजावणीबाबत प्रतिज्ञापत्र द्यावे लागते आणि ते खोटे ठरले तर कारवाई होऊ शकते. तेव्हा आरोपीचा मोबाइल क्रमांक आणि ई-मेल पत्ता खरोखर त्याचाच आहे याची तक्रारदाराकडून लेखी खात्री घेतल्याशिवाय ते प्रतिज्ञापत्र पुढे करू नका.

तडजोडीचे दर याच निकालाने बदलले, आणि आरोपीच्या बाजूने काम करताना पक्षकाराच्या खिशाशी याचा थेट संबंध आहे. दामोदर प्रभू प्रकरणातील 2010 च्या 10, 15 आणि 20 टक्क्यांच्या पायऱ्या आता राहिल्या नाहीत. बचावाचा पुरावा नोंदवण्यापूर्वी धनादेशाची रक्कम भरली तर विनाखर्च तडजोड होऊ शकते. त्यानंतर पण निकालापूर्वी भरली तर 5 टक्के, सत्र किंवा उच्च न्यायालयात 7.5 टक्के आणि सर्वोच्च न्यायालयात 10 टक्के जादा. दहा लाखांच्या धनादेशात बचावाच्या साक्षीआधी आणि नंतर यात 50,000 रुपयांचा फरक पडतो. आरोपीकडे बचाव खरोखर नसेल तर हे त्याला सरतपास सुरू होण्याआधीच समजावून सांगावे. अनेक वकील ते सांगत नाहीत, कारण तडजोडीने काम लवकर संपते. मला हे पटत नाही.

आता प्रमाणपत्र. बार रूममधील तिघांपैकी दोघांचे तरी बरोबर असेल, कारण उत्तर पुन्हा तारखेवर आहे. साक्ष अधिनियमाच्या कलम 170 प्रमाणे 1 जुलै 2024 रोजी जे काम प्रलंबित होते त्याला जुना पुरावा कायदा आणि 65-ब लागू. त्यानंतरच्या कामाला कलम 63. हा कायदा दिवाणी दाव्यांनाही लागू आहे, ही गोष्ट फौजदारीच्या चर्चेत विसरली जाते. 65-ब ची सक्ती 2020 मध्ये जालन्याच्या निवडणूक वादातून आलेल्या अर्जुन खोतकर प्रकरणात तीन न्यायाधीशांच्या पीठाने ठामपणे सांगितली होती. नव्या कलमात ती सक्ती कायम आहे आणि वर नमुना ठरवून दिला आहे. तो अनुसूचीत दोन भागांत आहे. भाग ‘अ’ पुरावा देणाऱ्याने भरायचा, भाग ‘ब’ तज्ज्ञाने. आपले जुने एका पानाचे, एका सहीचे प्रमाणपत्र नव्या प्रकरणात म्हणूनच अपुरे पडते. नमुन्यात उपकरणाचा प्रकार, बनावट, मॉडेल, रंग, अनुक्रमांक आणि आयएमईआय क्रमांक लिहायचा असतो आणि फाइलचे हॅश मूल्य द्यायचे असते, त्याचा अहवाल जोडून.

हॅश म्हणजे फाइलमधील मजकुरावरून गणिताने निघणारी अक्षर-अंकांची साखळी. मजकुरात एक स्वल्पविराम बदलला तरी साखळी पार बदलते. नमुन्यात एसएचए1, एसएचए256 आणि एमडी5 असे पर्याय आहेत. यांपैकी 64 अक्षरांची साखळी देणारे एसएचए256 निवडा, कारण बाकीचे दोन जुने झाले आहेत आणि उलटतपासात त्यांच्यावर बोट ठेवता येते. व्हॉट्सॲपचा संवाद पक्षकाराच्या समोर, त्याच्याच फोनमधून, एकदाच निर्यात करा. ती फाइल न उघडता आणि पुन्हा जतन न करता तिचे हॅश काढा, तारीख-वेळ लिहा, मग तिच्या प्रती पेनड्राइव्हवर घ्या. आठवड्याने पुन्हा निर्यात केली तर मधल्या काळातील संदेशांमुळे फाइल वेगळी आणि हॅशही वेगळे येणार, आणि मग दोन प्रमाणपत्रांतील दोन साखळ्यांचा खुलासा साक्षीच्या पिंजऱ्यात करत बसावे लागेल. विंडोज संगणकावर हॅश काढण्यासाठी वेगळे सॉफ्टवेअर विकत घ्यावे लागत नाही. भाग ‘ब’ वरील तज्ज्ञ कोण, हा सध्याचा खरा वादाचा मुद्दा आहे: कलम 63 “तज्ज्ञ” एवढेच म्हणते, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या 79-अ खाली अधिसूचित परीक्षकच हवा असा आक्षेप विरोधी पक्ष घेऊ शकतो. तालुक्याच्या ठिकाणी असा परीक्षक मिळणे कठीण. संगणकशास्त्राची पदवी आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभव असलेली, गरज पडल्यास साक्षीला येण्याची तयारी असलेली व्यक्ती निवडावी, तिची पात्रता प्रमाणपत्रासोबत जोडावी आणि मूळ फोन पक्षकाराने विकू वा फॉरमॅट करू नये, असे त्याला लेखी कळवून ठेवावे. फोन शाबूत असेल तर तो न्यायालयात हजर करण्याचा मार्ग मोकळा राहतो. प्रमाणपत्र दुसऱ्याच्या ताब्यातील उपकरणाचे असेल आणि तो देत नसेल, तर ते मागवण्यासाठी न्यायालयाकडे अर्ज करता येतो. हा उपाय खोतकर निकालातच सांगितलेला आहे.

शेवटी आपला ज्युनिअर. त्याला एआय वापरण्यास बंदी करू नका, तो लपून वापरील. पण ही साधने अस्तित्वात नसलेले निवाडे, पक्षकारांच्या नावांसह आणि परिच्छेद क्रमांकांसह, पूर्ण आत्मविश्वासाने रचून देतात. ऑक्टोबर 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आयकर आकारणीचा एक आदेश रद्द केला, त्यात आधार म्हणून घेतलेले निवाडे मुळात अस्तित्वातच नव्हते. ती चूक सरकारी अधिकाऱ्याची होती, वकिलाची असती तर न्यायालयाचे शब्द किती कठोर झाले असते याची कल्पना करा. शिवाय पक्षकाराची हकिकत, नाव आणि कागद अशा साधनात टाकणे म्हणजे ज्या कलम 132 च्या आधाराने आपण पोलिसांना नकार देणार आहोत त्याच गोपनीयतेला आपल्याच कार्यालयातून भगदाड पाडणे होय. ते मात्र त्याला सक्त मना करा. निवाड्यांसाठी एकच शिस्त घाला. सर्वोच्च न्यायालयाच्या प्रत्येक निवाड्याला आता वर्ष, ‘आयएनएससी’ ही अक्षरे आणि अनुक्रमांक असा तटस्थ उद्धरण क्रमांक असतो आणि ई-एससीआर या सर्वोच्च न्यायालयाच्या ऑनलाइन निवाडा-संग्रहावर तो विनामूल्य पाहता येतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या निवाड्यांनाही तसे क्रमांक आहेत. त्या क्रमांकाने अधिकृत संकेतस्थळावरून उतरवलेली प्रत, तिचे पहिले पान आणि आधाराचा परिच्छेद खूण करून टेबलावर आल्याशिवाय कोणताही निवाडा यादीत जाणार नाही, असे त्याला सांगा. सुरुवात या उत्तरात मी उल्लेखलेल्या निकालांपासून करा: ते त्याच्याकडून याच पद्धतीने काढून घ्या आणि पोलिसांना पाठवायच्या उत्तराला 31 ऑक्टोबरच्या निकालाची प्रत जोडा.